डोंगरी शेतकरी आणि सरकारी साहाय्य

सरकारनें तिजोरी उघडली कीं रयतेचें दुःख सरलें, असें मानणारे विद्वान् आमच्या इकडे पुष्कळ आहेत. त्यांनीं क्षणभर अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यांतील मॅडिसन कौंटीकडे पाहावें. कौंटी म्हणजे स्थूलमानानें आपला एखादा मोठा तालुका. मुलूख अपलाचियन डोंगरांचा. सपाट जमीन काय ती नदीकाठीं. ता. २७ सप्टेंबर २०२४ रोजीं हेलीन वादळाच्या पावसानें फ्रेंच ब्रॉड नदीला महापूर आला. मार्शल हें कौंटीचें मुख्य गांव बुडालें, आणि नदीकाठच्या शेतांत रेती व मोडतोड येऊन पडली.

अशा वेळीं सरकार स्वस्थ बसतें काय? मुळींच नाहीं. शेतांतील राडा काढणें, वाहून गेलेलीं कुंपणें पुन्हां उभारणें, यांच्या खर्चाचा सामान्यतः पाऊण हिस्सा मध्यवर्ती सरकार देऊं शकतें. एरवींही, ओढ्यांत गुरें उतरूं नयेत म्हणून कुंपण व पाण्याचे हौद, उतारावरील धूप थांबविण्याचे उपाय, यांस १९९६ पासून चालत आलेल्या योजनेंतून तितकेंच साहाय्य मिळूं शकतें. नव्या किंवा गरीब शेतकऱ्यास तें नव्वद टक्क्यांपर्यंत जातें, व त्यांतील अर्धी रक्कम आगाऊ मागतां येते.

या व्यवस्थेचें मूळही याच राज्यांत आहे. भूसंधारणाचा आद्य पुरस्कर्ता ह्यू बेनेट येथील अॅन्सन कौंटीचा. १९३५ सालीं भूसंधारणाचा कायदा झाला, आणि १९३७ सालीं देशांतील पहिलें संधारण-मंडळ त्याच कौंटींत निघालें. आज या राज्यांत अशा प्रत्येक कौंटी-मंडळावर तीन सभासद लोकांनीं निवडलेले व दोन नेमलेले असतात. कर्ज व आपत्तीची मदत पाहणाऱ्या शेतकी कचेरीवरही शेतकऱ्यांनींच निवडलेली समिति असते. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. साहेबाच्या मर्जीवर तगाई मागणाऱ्या आमच्या आज्यांना ही कल्पनाही शिवली नसती.

मग अडतें कोठें? दाराशींच. कर्जाची कचेरी वेगळी, संधारणाचें खातें वेगळें, स्थानिक मंडळ तिसरें, आणि विद्यापीठाचें शेतकी-विस्तार कार्यालय चौथें. हें चौथें पैसा देत नाहीं, पण कोणाकडे जावें तें सांगतें. पूर्वीं मॅडिसनचा शेतकरी तंबाखूच्या सरकारी कोट्यासाठीं कचेरींत आपोआप जाई. २००४ च्या कायद्यानें तो कोटा गेला, आणि जाण्याचें निमित्तही गेलें असें आम्हांस वाटतें.

तथापि खरी अडचण कागदाची आहे. मध्यवर्ती योजनेचा लाभ घेण्यापूर्वीं कर्जाच्या कचेरींतून शेत-क्रमांक काढावा लागतो, आणि त्यासाठीं खरेदीखत किंवा भाडेपट्टा दाखवावा लागतो. ज्याच्या आज्यानें मृत्युपत्र केलें नाहीं, ज्याचे पंधरा चुलतभाऊ चार राज्यांत पांगले, त्यानें काय दाखवावें? जमीन तोच कसतो. कायद्यानें मात्र ती सर्वांची. सातबाऱ्यावर मयताचें नांव वागविणाऱ्या आमच्या वाचकांस हें दुखणें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पैसा असून तो सर्वांत गरजू हाताला पोंचत नाहीं तो असा.

यावर २०१८ च्या शेतकी कायद्यानें जो उपाय केला, तो आम्हांस वकील म्हणून विशेष आवडला. बहुसंख्य सहहिस्सेदारांचा लेखी करार, किंवा मागील पांच वर्षांचीं करविवरणपत्रें, किंवा जमीन आपल्या ताब्यांत असून आपणच ती चालवितों असें स्वतःचें प्रमाणपत्र, असे पर्यायी पुरावे आतां चालूं शकतात. मालकीचा तंटा त्यानें मिटत नाहीं, हें खरें. वांटणीचा दावा उद्यां कोणीही लावूं शकेल. परंतु वाद मिटेपर्यंत माती थांबत नाहीं, हें त्या कायदेमंडळास कळलें.

म्हणून तेथील लहान शेतकऱ्यानें प्रथम हे कागद घेऊन शेत-क्रमांक काढावा, आणि मग संधारण-खात्याच्या माणसास शेतावर बोलवावें. अर्ज फार व रक्कम थोडी असल्यानें क्रमवारी लागते. यंदा नाकारलें तरी अर्ज पुढील फेरीसाठीं ठेवावा. आणि संधारणाच्या करारावर सही होण्यापूर्वीं कुंपणाचा एकही खांब रोवूं नये, कारण आधीं सुरू केलेल्या कामाचा खर्च त्या योजनेंत मिळत नाहीं.