गिधाडे कुठे गेली?

आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. गावात कुणाची म्हैस मेली की ती गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. थोड्याच वेळात आभाळात गिधाडांच्या घिरट्या सुरू होत आणि एक-दोन दिवसांत तिथे फक्त हाडे उरत. आम्हा मुलांना तिकडे फिरकायला बंदी असे. आज आपल्या मुलांना गिधाड दाखवायचे म्हटले, तर पुस्तक उघडावे लागते.

ही गिधाडे कुणी मारली? बंदुकीने नव्हे, सापळ्यानेही नव्हे. एका औषधाने.

१९९०च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे माना टाकून बसलेली आणि झाडांखाली मरून पडलेली आढळली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांचीही संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. आधी रोगाचा संशय होता. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून खरे कारण पुढे आले. ते होते डायक्लोफेनॅक.

हे नाव आपल्याला नवीन नाही. कंबर किंवा गुडघा दुखला की आपणही ही वेदनाशामक गोळी घेतो. तीच जनावरांना दिली जाऊ लागली. औषध दिल्यानंतर लगेच जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ती मरतात. एका मृत जनावरावर मोठा थवा उतरतो. त्यामुळे शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी गिधाडे संपायला ते पुरेसे ठरते.

त्यांचे काम कुणी केले?

जैवविविधता हा शब्द जड वाटतो. अर्थ साधा आहे : सृष्टीत नाना तऱ्हेचे जीव आहेत आणि त्यांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. आपल्याला किळस वाटणारे कामही कुणीतरी करतच असते. गिधाडे गेली आणि मेलेली जनावरे उघड्यावर सडू लागली. त्यांवर भटकी कुत्री वाढली आणि रेबीजचा धोकाही वाढला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली, असा अंदाज २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. मुंबईच्या पारशी बांधवांनाही दख्म्यातील अंत्यविधीची अडचण झाली.

उपाय आपल्या हाती

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच होत्या, म्हणून २०१५ साली त्यांवरही निर्बंध आले. २०२३ साली जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही औषधेही बंद झाली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे आणि जनावरांच्या दुखण्यावर चालते.

आपल्या कोकणातही आशा आहे. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात ग्रामस्थ आणि सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था यांनी गिधाडांची घरटी जपली. पण मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेले भरून यायला कित्येक दशके लागतील.

आपल्यापैकी अनेकांच्या दारी गाय, म्हैस असते. बकरी ईदच्या आधी तर शहरातल्या इमारतींतही बकरे येतात. बकरा लंगडला किंवा त्याला ताप आला, तर घरातली माणसांची गोळी त्याला देऊ नये. पशुवैद्याला विचारावे, मेलोक्सिकॅम चालेल का? औषध चालू असताना जनावर मेले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

गिधाडांशी कुणाचे वैर नव्हते. लंगडणाऱ्या बैलाची दया आली म्हणूनच कुणीतरी त्याला ते इंजेक्शन दिले. दयेला माहितीची जोड नसली की काय होते, ते आपण पाहिले. आता माहिती आहे. यापुढे चूक झाली, तर ती अजाणतेपणी झाली असे आपल्याला म्हणता येणार नाही.