परंड्याहून मनाचा दवाखाना किती लांब?

परंडा तालुक्यात दुखणं वाढलं की पहिलं नाव निघतं ते बार्शीचं. बाळंतपण अडो की कॅन्सरची शंका येवो, गाडी तिकडंच वळते. मनाच्या दुखण्याला मात्र असा ठरलेला रस्ता नाही. पोरगं रात्ररात्र झोपत नाही, एकटंच पुटपुटतं, तर आधी ‘बाहेरचं’ बघून घेतात. मग कुणी सोलापूर सुचवतं, कुणी पुणं. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही.

सरकारी मनोरुग्णालय आणि खासगी डॉक्टरची न परवडणारी फी यांच्या मधली जागा महाराष्ट्रात काही विश्वस्त संस्थांनी धरली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘आयपीएच’, सुरू केली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक तिथे मिळून काम करतात. बिनआजारी माणसानेही मनाबद्दल बोलायला यावं, हा आग्रह त्यांनी पहिल्यापासून धरला, आणि ‘वेध’सारखे उपक्रम त्यातूनच गावोगाव गेले. पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ १९९७ची. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेल्या प्रा. जगन्नाथ वाणी यांनी घरातला आजार झाकून न ठेवता तिची उभारणी केली. ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. रुग्णाइतकीच त्याला सांभाळणारी आई किंवा बायको थकते, हे या संस्थेच्या स्वमदत गटांनी ओळखलं.

पण ठाणं-पुणं परंड्यात उचलून आणता येत नाही. मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला राहायला येईल, ही आशा मी तरी धरत नाही. गोव्याचा अनुभव इथे जास्त कामाचा. ‘संगात’ संस्थेने तिथे गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवलं. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले : नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, नेहमीच्या उपचारांवर सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. कारण बहुधा साधं असावं : तिथले डॉक्टर रुग्णाला मुळातच वेळ देत होते.

ही रीत आपल्याकडे परकी नाही. शेजारच्या जामखेडला आरोळे दांपत्याने १९७०पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. आपल्याच जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ने ‘भारतवैद्य’ घडवल्या. ताप-जुलाब ओळखणारी बाई झोप उडालेली, जेवण तुटलेलं, ‘मी नसतो तर बरं’ हे वाक्यही ओळखू शकते. शेतकरी आत्महत्यांनंतर सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला तोही याच धर्तीवर. आशाताईंनी घरोघर जाऊन चौकशी करायची, असं त्यात ठरलं.

घोडं अडतं ते पुढच्या फेरीला. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून घरच्यांचा विश्वास उडतो. थोडं बरं वाटलं की ‘सवय लागेल’ या भीतीने पाकीट फळीवर जातं. अशा घरातली कापडी पिशवी उघडा : निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि चार-चार गोळ्या उरलेल्या पट्ट्या. एका फेरीत दोघांची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं, ते वेगळंच. म्हणून वर्षातून एकदा मंडप घालून घेतलेल्या शिबिराचं मला फारसं कौतुक नाही. फोटो छान येतात, दुसऱ्या महिन्याची गोळी कुणी विचारत नाही.

मे २०१८पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. २०२२पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो मराठीतही बोलतो आणि रात्रीही उचलला जातो. तेवढ्यावर भागणार नाही. परंड्यातल्या एखाद्या पतसंस्थेने, गणेश मंडळाने किंवा दर्ग्याच्या विश्वस्तांनी एका प्रशिक्षित समुपदेशकाचा वर्षाचा पगार उचलावा, आणि सरकारी दवाखान्याने बाजाराच्या दिवशी त्याला एक खोली द्यावी. हा अंक ज्यांच्या हातात आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढा विषय मांडावा.