मिलादचा जुलूस आणि बिदअतचा वाद

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस, एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. विसर्जनाच्या गर्दीत दुसरी मोठी मिरवणूक नको, म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी भायखळ्याच्या खिलाफत हाउसमध्ये बैठक घेतली आणि आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. राज्य सरकारनेही २९ तारखेला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये जुलूस विसर्जनानंतर, १८ सप्टेंबरला निघाला. २०२५ मध्ये मिलाद ५ सप्टेंबरला होती, जुलूस ८ तारखेला. वर्तमानपत्रांनी सलोख्याचे उदाहरण म्हणून याचे कौतुक केले आणि ते रास्तच होते.

बातम्यांत न आलेली एक बाजू मात्र समजून घेण्यासारखी आहे. रमजान ईदची नमाज सोयीसाठी तीन दिवस पुढे नेता येत नाही. रोजे, हज, बकरीदची कुर्बानी यांचे दिवस ठरलेले आहेत. जुलूस हलवता आला, कारण तो फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेला, नाही. कुराणात त्याची आज्ञा नाही आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींतही नाही. हजरत मुहंमद पैगंबरांनी स्वतःचा जन्मदिवस मिरवणुकीने साजरा केला नाही आणि त्यांच्यामागून आलेल्या चार खलिफांनीही केला नाही. मग जी गोष्ट त्यांनी केली नाही, ती आपण पुण्यकर्म म्हणून करावी का? या प्रश्नावर मुस्लिम धर्मपंडित शेकडो वर्षे वाद घालत आले आहेत.

धर्मात मागाहून घातलेल्या नव्या गोष्टीला बिदअत म्हणतात. विमानाने हजला जाणे किंवा मशिदीत पंखे बसवणे ही बिदअत नव्हे, ती साधने झाली. प्रश्न येतो तो उपासनेत भर घातली की. आपल्या धर्मकार्यात जो नवे काही आणील त्याचे ते नाकारले जाईल, अशा आशयाची हदीस पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून आली आहे. प्रत्येक बिदअत ही वाट चुकणे आहे, असे सांगणारीही आहे. मिलादला विरोध करणाऱ्यांचा सारा भर या दोन हदीसांवर असतो.

दुसऱ्या बाजूलाही आधार आहेत. रमजानच्या रात्री तरावीहची नमाज लोक मशिदीत वेगवेगळी पढत होते. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी त्यांना एका इमामामागे उभे केले आणि पुढे ते दृश्य पाहून ही चांगली बिदअत आहे, असे म्हटले. कुराणाची विखुरलेली वचने एका ग्रंथात आणण्याचे काम पैगंबरांच्या पश्चात हजरत अबू बकर यांच्या काळात झाले. शुक्रवारची जादा अजान हजरत उस्मान यांनी सुरू केली. यावरून इमाम शाफई यांनी नव्या गोष्टींचे दोन भाग केले: कुराण-सुन्नतला धरून असलेल्या आणि त्यांच्या विरुद्ध जाणाऱ्या. तेराव्या शतकात इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी पाच प्रकार मांडले. त्यांच्या हिशेबी कुराण समजावे म्हणून अरबी व्याकरण शिकणे ही आवश्यक बिदअत, मदरसे बांधणे इष्ट, आणि काही बिदअती सरळ निषिद्ध. आंदालुसियाचे शातिबी यांना ही विभागणी मान्य नव्हती. व्याकरण आणि मदरसे ही धर्माची गरज भागवणारी साधने आहेत, त्यांना बिदअत म्हणायचेच कशाला, असा त्यांचा सवाल होता. मला शातिबींचा युक्तिवाद अधिक काटेकोर वाटतो. पण मिलाद साधन आहे की उपासना, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

आता मिलाद सुरू कशी झाली ते पाहू. कैरोच्या फातिमी शियापंथी दरबारात पैगंबरांचा आणि त्यांच्या घराण्यातल्यांचा जन्मदिवस साजरा होई, पण तो प्रामुख्याने दरबारी सोहळा होता. सुन्नी जगातला गाजलेला लोकोत्सव भरला तो आजच्या इराकी कुर्दिस्तानातल्या अर्बिल शहरात. तिथला राज्यकर्ता मुजफ्फरुद्दीन गोकबुरी हा सुलतान सलाहुद्दीनचा मेहुणा. त्या सोहळ्याचे वर्णन अर्बिलमध्येच जन्मलेल्या इब्न खल्लिकानने लिहून ठेवले आहे. बगदाद, मोसूलहून विद्वान, सूफी आणि कवी येत. लाकडाचे कित्येक मजली मंडप उभे राहत, त्यांत गाणारे आणि छायाबाहुल्यांचे खेळ करणारे बसत. उंट, गाई, मेंढ्या यांची जेवणावळीसाठी कत्तल होई आणि रात्री मशालींची मिरवणूक निघे. जन्मतारखेबद्दल मतभेद होते, म्हणून गोकबुरी एका वर्षी रबीउल अव्वल महिन्याच्या ८ तारखेला आणि दुसऱ्या वर्षी १२ तारखेला उत्सव करी. आठशे वर्षांपूर्वीच्या या राजालाही तारीख लवचीक ठेवण्यात गैर वाटत नव्हते. १२०७ मध्ये तिथून जाणाऱ्या इब्न दिह्या या विद्वानाने मिलादवर एक ग्रंथ लिहिला आणि त्याला एक हजार दिनार मिळाले.

विरोधही लवकरच लिहिला गेला. चौदाव्या शतकात मालिकी पंथाचे फाकिहानी यांनी मिलादला आधार नसल्याचे ठणकावून सांगितले. इब्न तैमिया यांचे मत मात्र नीट वाचले पाहिजे, कारण त्यांचे नाव आज फक्त कठोरपणासाठी घेतले जाते. मिलादला सण ठरवणे त्यांना अमान्य होते. तरीही त्यांनीच लिहून ठेवले आहे की, पैगंबरांवरील प्रेमापोटी आणि चांगल्या हेतूने कोणी ती साजरी केली, तर त्याला मोठे पुण्य मिळू शकते. पुढे इब्न हजर अस्कलानी यांनी आशुराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) रोजाचा दाखला देत एखाद्या दिवशी मिळालेल्या कृपेबद्दल त्या दिवशी आभार मानता येतात, असे दाखवले. सुयूती यांनी मिलादच्या समर्थनार्थ स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पैगंबर सोमवारी रोजा ठेवत आणि त्याचे कारण विचारले असता आपला जन्म त्या दिवशी झाला असे सांगत, ही हदीसही समर्थक पुढे करतात. विरोधकांचे उत्तर असे की, मग तुम्हीही रोजा ठेवा, मिरवणूक कशाला?

हिंदुस्थानात हा वाद पेटला तो १८५७ नंतर. मुघलांचे राज्य गेले होते आणि आपले काय चुकले याचा शोध मुसलमानांत सुरू होता. देवबंदचा मदरसा १८६६ मध्ये स्थापन झाला. तिथल्या उलेमांना वाटत होते की ठरलेली तारीख, रोषणाई, मिठाई आणि जन्माच्या उल्लेखाबरोबर सलाम म्हणत उभे राहणे, म्हणजे कयाम, हे सारे लोकांनी धर्माच्या आज्ञेसारखे धरले आहे. दरसालच्या या सोहळ्याची तुलना काहींनी कृष्णजन्माच्या उत्सवाशीही केली आणि तिने मिलाद करणारे फार दुखावले. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी मिलादची बाजू हिरिरीने लढवली. पैगंबरांना परोक्षाचे ज्ञान होते का, ते आजही आपल्या मेळाव्यात हजर असतात का, इथवर वाद गेला आणि फतव्यांनी घरे दुभंगली.

या साऱ्यात मला सर्वांत मोठे वाटतात ते हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की. १८५७ नंतर इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे ते मक्केला गेले आणि १८९९ मध्ये तिथेच वारले. देवबंदचे रशीद अहमद गंगोही आणि अशरफ अली थानवी त्यांना गुरुस्थानी मानत. मिलादच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिणारे अब्दुल समी रामपुरी हेही त्यांचेच मुरीद, म्हणजे शिष्य. शिष्य एकमेकांविरुद्ध पुस्तके छापू लागले, तेव्हा या वृद्ध पीराने सात वादग्रस्त प्रश्नांवर ‘फैसला-ए-हफ्त मसला’ ही छोटी पुस्तिका काढली. मिलादबद्दल त्यांनी लपवाछपवी केली नाही. आपण स्वतः मिलादच्या मजलिशीत जातो, दरसाल ती भरवतो, कयामात आनंद मिळतो, हे त्यांनी सांगून टाकले. त्याचबरोबर, ती फर्ज समजणारा चुकतो आणि न करणाऱ्याला वाईट म्हणणाराही चुकतो, हे बजावले. गुरूचा हा निवाडा शिष्यांच्या गळी पुरता उतरला नाही. तरी माझ्या मते या वादावर यापेक्षा चांगला निवाडा झालेला नाही.

आज सौदी अरेबियात मिलादची सुट्टी नसते. तिथल्या उलेमांनी तिला बिदअत ठरवले आहे. बहुतेक मुस्लिम देशांत मात्र सुट्टी असते. आपल्याकडे १९९० च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती जाहीर केली. जुनी माणसे अजून या दिवसाला बारावफात म्हणतात, कारण पैगंबरांचे निधनही रबीउल अव्वलच्या याच १२ तारखेला झाल्याचे मानले जाते. आनंद कसला करता, असे विरोधक विचारतात ते याच आधारावर.

बिदअतचा प्रश्न आता डीजेच्या भिंतींपाशी आला आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जुलुसातल्या डीजे आणि लेझर दिव्यांविरुद्ध याचिका आल्या. कुराणात किंवा हदीसमध्ये याला आधार नाही, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने आवाजापुरते बोलून सांगितले की, गणेशोत्सवात जो आवाज घातक असतो तो ईदलाही तितकाच घातक असतो. मिलाद मनापासून मानणाऱ्यांनीच डीजेला आधी विरोध करायला हवा. ज्यांच्या नावाने सलाम म्हणायचा, त्यांचे नाव त्या दणदणाटात ऐकूही येत नाही.

आपल्या ओळखीतला कोणी मुसलमान मित्र मिलादला दुकान उघडे ठेवतो, जुलुसात दिसत नाही, म्हणून त्याची श्रद्धा कमी आहे असे समजू नका. जो हिरवा झेंडा घेऊन चालतो तो अडाणी आहे असेही समजू नका. दोघांच्याही मागे मोठमोठ्या विद्वानांची परंपरा उभी आहे. शुभेच्छा देण्याआधी त्याला एवढेच विचारा की, तुमच्या घरी मिलाद करतात का? तो आनंदाने सांगेल.