दंड, भोंगा आणि आडवी बाटली

‘कायदे करून कुठं माणूस बदलतो?’ असं एकानं म्हणायचं आणि ‘चार जणांना दणका द्या, बघा कसे सुतासारखे सरळ होतात!’ असं दुसऱ्यानं. चावडीपासून विधानभवनापर्यंत हा वाद जुनाच आहे. पण या प्रश्नाचे खरेखुरे प्रयोग जगात झालेत आणि त्यातले काही तर आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत. चला, एकेक पाहू.

एका पहाटेत अख्खा देश उजवीकडे

स्वीडनमध्ये वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालायची. १९५५ मध्ये जनमत घेतलं, तर सुमारे ८३ टक्के लोकांनी बदलाला साफ नकार दिला. तरीही संसदेनं पुढे कायदा केला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे देशानं बाजू बदलली. पाचला दहा मिनिटं कमी असताना गाड्या थांबल्या, हळूच पलीकडे सरकल्या आणि पाचच्या ठोक्याला निघाल्या. त्याआधी दुधाच्या खोक्यांवर खुणा छापल्या होत्या, गाण्यांची स्पर्धासुद्धा घेतली होती. गंमत म्हणजे सुरुवातीला अपघात घटले, कारण जो तो डोळ्यांत तेल घालून गाडी चालवत होता. नवी बाजू अंगवळणी पडली आणि अपघातांचे आकडे पुन्हा जुन्या जागी आले!

दंड लावला, उशीर वाढला

इस्राएलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं. आई-बाप मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि ताई ताटकळत बसायच्या. दोन अर्थतज्ज्ञांनी त्यातल्या सहा पाळणाघरांत दंड सुरू करवला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला, की दहा शेकेल. उशीर कमी व्हायचा सोडून जवळपास दुप्पट झाला! आधी ‘ताई खोळंबल्या असतील’ या संकोचानं पावलं भरभर पडत होती. आता पालकांच्या लेखी तो उशिराचा दर झाला. पैसे भरले, प्रश्न मिटला. पुढे दंड रद्द केला, तरी गेलेला संकोच काही परत आला नाही.

पंधरा सेंटांची लाज

मग पैशाचा बडगा वायाच जातो का? तसंही नाही. आयर्लंडनं मार्च २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकार लावला आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. रक्कम किरकोळ होती, पण ती गल्ल्यावर, चारचौघांसमोर, दर खेपेला मोजावी लागे. बघता बघता हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसणंच लोकांना कमीपणाचं वाटू लागलं. हैफात दंडानं लाज पुसली, आयर्लंडमध्ये आकारानं लाज जागवली. आपल्याकडे २३ जून २०१८ पासून पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड आहे, तरी भाजीबाजारात पातळ पिशवी अजून दिसते. दंडाचा आकडा मोठा असून भागत नाही, तो रोज आठवावा लागतो.

पाट्या निघाल्या, शिस्त आली

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी राहणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना राजनैतिक संरक्षण असे, म्हणजे गाडी कुठेही लावा, दंड वसूल होणार नाही. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या दंडाच्या दीड लाखांहून जास्त पावत्या थकल्या! पण नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या खात्यावर थकलेली एकही पावती नव्हती. मुभा सगळ्यांना सारखीच होती, पण या देशांच्या अधिकाऱ्यांनी येताना घरची शिस्त सोबत आणली होती. २००२ च्या अखेरीस शहरानं थकबाकीदारांच्या गाड्यांच्या खास नंबरपाट्या काढून घ्यायला सुरुवात केली आणि थकणाऱ्या पावत्या सुमारे ९८ टक्क्यांनी घटल्या. ज्याच्या अंगी शिस्त नाही, त्याला अंमलबजावणी वळण लावते.

उंदीर जिवंत, शेपूट जमा

१९०२ साल, व्हिएतनाममधलं हनोई. फ्रेंचांनी बांधलेल्या गटारांत उंदरांचा सुळसुळाट झाला. सरकारनं जाहीर केलं: मेलेल्या उंदराची शेपटी आणा, पैसे न्या. शेपट्यांचे ढीग लागले. मग अधिकाऱ्यांना रस्त्यांत बिनशेपटीचे उंदीर पळताना दिसू लागले! लोक शेपटी छाटून उंदीर सोडून देत, म्हणजे पुढची पिल्लावळ तयार. शहराच्या कडेला उंदीर पाळणारेही निघाले. कायदा जे मोजतो, तेच माणूस पुरवतो.

परमिट रूममधला ‘परमिट’

‘परमिट रूम’ हा शब्द आला कुठून? थेट दारूबंदीतून. मुंबई प्रांतात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला आणि प्यायची तर सरकारी परवाना हवा, असं ठरलं. दारू गेली नाही, ती हातभट्टीत आणि ‘आंटी’च्या अड्ड्यावर गेली. परवान्याची अट महाराष्ट्रात आजही कागदावर आहे.

याच राज्यात दुसरा मार्गही आहे. गावातल्या बाया मतदान मागतात, मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला, की दुकान बंद. नवऱ्याचा मार आणि रिकामा डबा ज्यांनी सोसला, त्यांच्याच हाती हा कायदा दिलेला आहे. म्हणून दुकानाला कुलूप लागल्यावर राखणही त्याच करतात.

सात वाजले, भोंगा वाजला

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलमध्ये शिरली आणि नंतर मुलं त्यातून बाहेर येईनात. २०२२ मध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला सगळ्यांना पटलं नाही. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. हळूहळू त्या वेळेला पुस्तकं उघडू लागली, घरात बोलणं होऊ लागलं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि शेतीसाठी बोअरवेलबंदी ग्रामसभेतच ठरवून पाळली. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, हा तिथला रिवाज. दुष्काळी गाव हिरवं झालं ते असं.

१८५६ ते २०२२

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हाही त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. कायदा पाठीशी होता, गाव नव्हतं.

४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. पुढे राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. इथे गाव पुढे होतं, सरकार मागून आलं.

कायद्यानं माणूस बदलतो का? बदलतो, पण एकट्या कायद्यानं नाही. १८५६ चा कायदा नसता, तर कर्व्यांच्या लग्नाला कोर्टात उभं राहायला जागाच नव्हती. आणि शेजारणीच्या हातातल्या बांगड्या तशाच राहू द्यायला आजही गावातलीच माणसं लागतात. कायदा हवाच, आणि तो ‘आपला’ म्हणणारं गावही हवं.