दोन हातांची वाटणी

मुळा-मुठेच्या काठी जेथे पूर्वी शेते होती, त्या खराडीत आज संगणकाच्या कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. तेथून सुटलेला तरुण घरी येऊन पुन्हा संगणकापुढेच बसला, की आई म्हणते, "अरे, दिवसभर तेच करीत होतास ना?" श्रोतेहो, तेच नव्हे. दिवसा तो टंकलेखन करतो. रात्री तो धावतो, उडी मारतो, नेम धरतो, आणि तेही गावोगावच्या गड्यांबरोबर एकाच वेळी. साधने मात्र तीच दोन, आणि दोन्ही खेळासाठी जन्मलेली नाहीत. कळफलकाची अक्षरे शोल्सच्या टंकयंत्रावरून आली. ते रेमिंग्टनने १८७४ साली बाजारात आणले. माउस एंगेलबार्टने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लोकांस दाखविला, तो कचेरीच्या कामासाठी. ह्या परक्या साधनांकडून खेळ कसा करवून घ्यावयाचा?

आपल्या पेटीवाल्याकडे पाहावे. त्याचा एक हात भाता हलवितो, दुसरा सूर शोधतो. येथेही तसेच आहे. डावा हात पाय होतो, उजवा हात डोळा होतो. डाव्या हाताची तीन बोटे डब्ल्यू, ए, एस, डी ह्या चार कळांवर चालतात. १९९७ साली अमेरिकेत 'क्वेक' खेळाच्या सामन्यात जिंकलेल्या डेनिस फाँगमुळे ही बैठक रूढ होण्यास मोठी मदत झाली. करंगळी पळण्याच्या कळेवर, अंगठा उडीच्या लांब पट्टीवर. ह्यामागचा नियम साधा आहे: जी दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, ती एका बोटाकडे देऊ नयेत.

पण बोटे मोकळी असूनही यंत्र अडते. स्वस्त कळफलकात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसविलेल्या असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, तर चौथीही दाबल्यासारखी भासते. म्हणून पुष्कळ कळफलक तिसरी कळ मानीतच नाहीत. गडी उडी मारू पाहतो आणि जागीच राहतो. रचनाकाराने आपली रचना महागड्या कळफलकावर नव्हे, तर अशा स्वस्त कळफलकावर पारखावी.

माउसचा हिशेब फिट्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडून ठेवला होता: लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका नेमास वेळ अधिक. वेग वाढविला तर मान झटकन वळते, पण बारीक नेम हुकतो. म्हणून वेग खेळाडूच्या हाती सोपवावा.

आता पंचाचे पाहू. अनेकांच्या खेळात निवाडा दूरचा संगणक करतो. तो सिंगापुरात असला, तर पुण्याहून सरळ रेषेतही सुमारे ४,००० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्यासच सेकंदाचा पंचविसावा भाग गेला. तेवढ्या वेळ पाऊल अडले तर हाताला ते बोचते. ह्यास्तव आपला संगणक पाऊल लगेच टाकून दाखवितो आणि पंचाचा निकाल आल्यावर चूक दुरुस्त करतो.

आणि शेवटी न्याय. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ साली आणलेला 'इंडस' हा खेळ मोबाइलवरचा. काचेवर अंगठा घासणाऱ्यासमोर माउसवाला बसविला, तर नेमाच्या कामी सामना विषम होतो. म्हणून त्यांचे गट वेगळे ठेवणे बरे. तसेच डावखुऱ्याचे. कळा बदलता येत नसतील, तर त्याचा पराभव मैदानात उतरण्यापूर्वीच झालेला असतो. एकाच हाताने खेळणाऱ्याला तर मैदानाचे दारच बंद.

खो-खोत पाटी आपण सर्वांना सारखी आखून देतो. येथे मात्र प्रत्येकाच्या हाताप्रमाणे कळा मांडू द्याव्या, तेव्हाच मैदान सारखे होते. हरणारा आपल्या चुकीने हरावा, कळेच्या चुकीने नव्हे. एवढे साधले, तर रचनाकाराने आपले काम केले असे आम्ही समजतो.