खोडदची दुर्बीण : रेडिओ आकाशाचा वर्णपट मोजताना

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदच्या शेतशिवारात ४५ मीटर व्यासाच्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. एकूण ३० अँटेनांपैकी १४ एका चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पांगलेल्या, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. २००१ मध्ये ती जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली.

थाळीखाली उभे राहून वर पाहिले की पत्र्याऐवजी जाळी दिसते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या तारा विणून ती ताणून बसवली आहे. वारा आरपार जात असल्याने सांगाडा हलका राहिला आणि खर्चही आटोक्यात राहिला. इथे टिपल्या जाणाऱ्या लहरी सुमारे २० सेंटीमीटरपासून अडीच मीटरपर्यंत लांब असतात. जाळीची भोके एक-दोन सेंटीमीटरची, म्हणून त्या निसटत नाहीत, परावर्तित होतात.

एखादा स्रोत एकाच वारंवारितेवर किती तेजस्वी आहे, एवढ्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. त्यासाठी अनेक वारंवारितांवरचे तेज, म्हणजे वर्णपट, लागतो. चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे चमकणाऱ्या दीर्घिकेचे तेज वारंवारिता दसपट वाढली की साधारण पाचपटीने घटते. तप्त हायड्रोजनच्या ढगाचे तेज मात्र उच्च वारंवारितांवर जवळपास सपाट राहते आणि खाली उतरू लागले की कोसळते. हा फरक कमी वारंवारितांवरच ठळक होतो. जीएमआरटीचे खरे बळ तिथेच आहे. अद्ययावत झाल्यापासून ती सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा बहुतेक पट्टा चार टप्प्यांत मोजते.

मोजमापाची शिस्त कडक असते. आधी थ्रीसी २८६ किंवा थ्रीसी ४८ सारख्या, ज्यांचे तेज नीट ठाऊक आहे अशा स्रोतांकडे थाळ्या वळवून उपकरणांचे माप ठरवतात. मग हव्या त्या स्रोताचे निरीक्षण होते आणि अधूनमधून त्याच्या शेजारच्या संदर्भ-स्रोताकडे पुन्हा वळावे लागते. मोबाइल, वीजतारा, उपग्रह यांच्या गोंगाटाने बिघडलेल्या नोंदी वेचून टाकतात. एवढे केल्यावरच वर्णपटाचा आकडा विश्वासाचा ठरतो.

या चिकाटीचे फळ मोठे आहे. हायड्रोजन अणूची रेषा मुळात १४२० मेगाहर्ट्झवर असते. विश्वाच्या प्रसरणामुळे ती सुमारे ६२० मेगाहर्ट्झपर्यंत खाली सरकलेली खगोलशास्त्रज्ञ अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीतून टिपली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीतले किरण सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघाले होते.

बीडच्या शिक्षकांना एक विनंती. माजलगाव, गढीवरून जाणारा कल्याणचा महामार्ग आळेफाट्याला पोचतो आणि तिथून नारायणगाव जवळच आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विद्यार्थ्यांसाठी विज्ञान प्रदर्शन भरते. तारखा विचारून घ्या आणि एक तरी सहल तिकडे न्या.