जपानी लष्करी तलवारीवरची सही कशी तपासाल?
दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारींवर कारागिराची सही असलीच, तर ती मुठीत दडलेल्या पात्याच्या भागावर असते. बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते.

🔹 उलट बाजूला अनेकदा तारीख असते. जपानी शोवा कालगणनेच्या वर्षात १९२५ मिळवा. शोवा १८ म्हणजे १९४३.

🔹 ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ शिक्का असेल, तर पातं बहुधा पारंपरिक पद्धतीनं घडवलेलं नाही. ताऱ्याचा शिक्का लष्करानं नेमलेल्या पारंपरिक कारागिरांच्या पात्यांवर दिसतो.

🔹 जुन्या नामवंताचं नाव दिसलं म्हणून हुरळू नका. खोट्या सह्या शतकानुशतकं कोरल्या गेल्या आहेत. अक्षरांचं वळण आणि छिन्नीचे घाव अस्सल नमुन्यांशी ताडून पाहा.

आणि सहीभोवतीचा गंज कधीही घासू नका. वयाचा तोच पुरावा!